मुलींचे ज्युदो-कराटे शिक्षण : तुरमुरी ते जकार्ता

(सीमाभागातील शिक्षक, ग्रामस्थ व विविध खात्यांचे कर्मचारी यांच्या मेळाव्यात खात्याच्या प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दिनांक २८ ऑगस्ट २०१८ रोजी इंडोनेशियाची राजधानी जकार्ता येथे आशियाई क्रीडास्पर्धांत कुराश या खेळाच्या महिला गटातील लढती झाल्या. ५२ किलो वजनाच्या गटात भारताला त्या दिवशी दोन पदके मिळाली. रौप्यपदक दिल्लीच्या पिंकी बल्हारा हिने मिळवले आणि कांस्यपदक मलप्रभा जाधव हिने. ही मलप्रभा बेळगाव तालुक्यातील तुरमुरी गावची, एका शेतकऱ्याची मुलगी.

तुरमुरी आपणांपैकी अनेकांनी पाहिलेले असेल. बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याने निघाले की हिंडलगा, सुळगा मागे टाकून ते लागते. पुढे बाची, आणि त्यापुढे शिनोळी म्हणजे चंदगड तालुका. भात, भुईमूग, रताळी पिकवणाऱ्या त्या पट्ट्यातील हे एक साधे गाव. वर्तमानपत्रांत त्याचे नाव येई ते बहुधा बेळगाव शहराचा कचरा तेथे नेऊन टाकण्याच्या प्रकरणात. त्या गावाचे नाव एका मुलीने जकार्त्यापर्यंत नेले, याचा आनंद गावाला किती झाला असेल हे मी वेगळे सांगावयास नको. मुलीचे नावही या मातीतले आहे. मलप्रभा नदी खानापूर तालुक्यात कणकुंबीजवळ उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत जाऊन कृष्णेस मिळते.

पदक मिळाल्यानंतरच्या सत्काराविषयी, हारतुऱ्यांविषयी मी आज बोलणार नाही. ते सर्व झाले, आणि होणे योग्यच होते. मला बोलावयाचे आहे ते पदकाच्या अगोदरच्या वर्षांविषयी. अशी मुलगी घडते कशी, तिला घडवणारे कोण असते आणि ते आपल्या गावाच्या आवाक्यातले आहे की नाही, एवढाच माझ्या बोलण्याचा विषय आहे. मी स्वतः वाङ्मयाचा विद्यार्थी. आखाड्यात कधी उतरलो नाही. त्यामुळे डावपेचांविषयी अधिकाराने बोलण्याचा माझा हक्क नाही. परंतु ज्या गोष्टी वाचून, पाहून आणि जाणकारांना विचारून समजून घेतल्या, त्या आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम कुराश म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण २०१८ पूर्वी आशियाई स्पर्धांत हा खेळ नव्हता. ही उझबेकिस्तानची पारंपरिक कुस्ती होय. खेळाडूंच्या अंगात जाड सुती अंगरखा असतो, एकाचा हिरवा आणि दुसऱ्याचा निळा. कमरेला पट्टा असतो. प्रतिस्पर्ध्याचा अंगरखा किंवा पट्टा धरून त्याला उभ्याने फेकावयाचे. पायाला हात घालावयाचा नाही आणि जमिनीवर पडून झोंबावयाचे नाही. गुडघा टेकला की पंच लढत थांबवून दोघांना पुन्हा उभे करतो. प्रतिस्पर्धी सपशेल पाठीवर आपटला तर त्याला ‘हलाल’ म्हणतात, आणि लढत तेथेच संपते. आपल्याकडे ज्याला चीतपट म्हणतात तेच हे, असे समजण्यास हरकत नाही. अर्धवट फेकीला ‘यान्बोश’ आणि त्याहून कमी प्रतीच्या फेकीला ‘चाला’ असे शब्द आहेत. आमच्या कोल्हापूर-बेळगावकडील पैलवानाला हा खेळ दाखवला तर तो पहिल्या दोन मिनिटांतच धोबीपछाड ओळखेल.

मलप्रभेचे शिक्षण मात्र कुराशचे नव्हते, ज्युदोचे होते. अंगरखा, पट्टा, पकड आणि फेक या गोष्टी दोन्ही खेळांत समान असल्यामुळे ज्युदो खेळणाऱ्यांना कुराशकडे वळणे शक्य झाले. बेळगाव येथे राज्याच्या युवा सबलीकरण व क्रीडा खात्याचे क्रीडा वसतिगृह आहे. तेथे त्रिवेणी सिंग व जितेंद्र सिंग या दोन प्रशिक्षकांच्या हाताखाली ती तयार झाली. यांतील त्रिवेणी या स्त्री-प्रशिक्षिका आहेत, याकडे मी आपले मुद्दाम लक्ष वेधतो. उपांत्य लढतीत मलप्रभा उझबेकिस्तानच्या गुलनोर सुलायमानोवाकडून १० विरुद्ध ० गुणांनी हरली. ज्या देशाचा हा खेळ, त्या देशाची ही खेळाडू. तिनेच पुढे अंतिम लढतीत पिंकीलाही हरवून सुवर्णपदक घेतले. कुराशमध्ये उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघींनाही कांस्यपदक मिळते. यात कमीपणा काहीच नाही. परंतु आपले वक्ते पदक सांगतात आणि हार गाळतात. मुलांसमोर बोलताना हारही सांगावी असे मला वाटते. पदक घेणाऱ्या मुलीलाही त्याच दिवशी पाठीवर पडावे लागते, हे मुलींना कळले पाहिजे.

आणि पडण्यावरूनच ज्युदोच्या शिक्षणाला सुरुवात होते. पालकांना हे ठाऊक नसते. त्यांना वाटते, पहिल्या दिवसापासून मारामारी शिकवत असतील. वास्तविक पहिले काही आठवडे मुलांना फक्त पडावयास शिकवतात. मागे पडावयाचे, बाजूला पडावयाचे, पुढे कोलांटी घेऊन पडावयाचे. हनुवटी छातीला लावावयाची, म्हणजे डोके आपटत नाही. आणि पडता पडता पसरलेल्या हाताने जमिनीवर जोराने थाप मारावयाची, म्हणजे आघात एका जागी न बसता वाटला जातो. हात मागे टेकून स्वतःला सावरावयाचे नाही, कारण मनगट मोडते ते त्यामुळेच. ही विद्या आयुष्यभर उपयोगी पडते. ओल्या फरशीवर पाय घसरला तरी कामास येते.

ज्युदोचा जन्म १८८२ साली टोकियोतील एका बुद्धमंदिरात झाला. त्याचे प्रवर्तक जिगोरो कानो हे व्यवसायाने शिक्षक, पुढे टोकियोच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे मुख्याध्यापक. कराटेचेही तसेच. ओकिनावा बेटावरील ही विद्या १९२२ साली टोकियोस नेणारे गिचिन फुनाकोशी हे प्राथमिक शाळेतील मास्तर होते. समोर शिक्षकवर्ग बसला आहे म्हणून आपली खुशामत करावी असा माझा हेतू नाही, पण ही दोन्ही शास्त्रे आज जगभर शाळांतून शिकवली जातात याचे एक कारण असे की त्यांना व्यवस्थित आकार दिला तो शिक्षकांनी. पायरी-पायरीने शिकवावे, सोपे अगोदर व अवघड मागाहून घ्यावे, वर्गात चाळीस मुले असली तरी सर्वांना काम मिळावे, ही सर्व शाळेची रीत होय.

याच कानोंचा संबंध एका स्त्रीच्या आयुष्याशी आला, ती कथा जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. केइको फुकुदा यांचा जन्म १२ एप्रिल १९१३ रोजी टोकियोत झाला. त्यांचे आजोबा हाचिनोसुके फुकुदा हे जुन्या जुजुत्सु विद्येतील आचार्य आणि कानोंचे गुरू. कानोंनी आपल्या गुरूच्या नातीला ज्युदो शिकण्यास बोलावले. १९३५ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, केइको कोदोकान या मुख्य संस्थेच्या स्त्री-विभागात दाखल झाल्या. हा विभाग १९२६ पासून चालू होता आणि त्यात तेव्हा सुमारे दोन डझन स्त्रिया शिकत होत्या. केइकोबाईंची उंची पाच फुटांहून कमी, वजन पंचेचाळीस किलोच्या आत. तोवर त्यांचे शिक्षण सुलेखन, पुष्परचना आणि चहाविधी या जपानी मुलींच्या नेहमीच्या विषयांत झाले होते. पुढे त्यांनी जपानी वाङ्मयाची पदवीही घेतली. घरच्यांची अशी अपेक्षा होती की मुलगी तेथे जाईल, एखाद्या ज्युदोपटूशी तिचे लग्न होईल आणि प्रश्न मिटेल. प्रत्यक्षात स्थळ सांगून आले तेव्हा लग्नानंतर ज्युदो सोडावे लागेल हे त्यांच्या ध्यानात आले, आणि त्यांनी लग्न केले नाही.

कानो १९३८ साली कैरोहून परतताना जहाजावर वारले. स्त्रियांनी ही विद्या परदेशी जाऊन शिकवावी अशी त्यांची इच्छा होती. केइकोबाई १९५३ साली अमेरिकेत शिकवण्यास गेल्या. त्याच सुमारास त्यांना पाचवी श्रेणी मिळालेली होती. आणि येथे त्यांची वाट अडली. स्त्रीला पाचवीच्या वरची श्रेणी देण्याची तरतूदच संस्थेच्या नियमांत नव्हती. स्त्रियांच्या काळ्या पट्ट्यावर मधोमध एक पांढरी पट्टी असे. पट्टा पाहताच कळावे की ही बाईची श्रेणी आहे. स्त्रियांना स्पर्धेतही उतरू देत नसत. १९६४ साली टोकियो ऑलिंपिकच्या वेळी ज्युदोचा समावेश झाला, तोही पुरुषांपुरता. केइकोबाईंनी तेथे आपल्या सहकारिणीसह प्रात्यक्षिक दाखवले.

१९६६ साली त्या पुन्हा अमेरिकेस गेल्या त्या तेथेच राहिल्या. ओकलंड येथील मिल्स या स्त्रियांच्या महाविद्यालयात त्यांनी १९६७ ते १९७८ पर्यंत ज्युदो शिकवले. सान फ्रान्सिस्कोत त्यांच्या घरी शिकण्यास येणाऱ्या बायकांतूनच पुढे स्त्रियांचा ज्युदो क्लब उभा राहिला. १९७२ साली, म्हणजे जवळजवळ वीस वर्षांनंतर, कोदोकानने नियम बदलून त्यांना सहावी श्रेणी दिली. नववी श्रेणी २००६ साली मिळाली, आणि ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. २०११ साली अमेरिकेतील ज्युदो संघटनेने त्यांना दहावी, म्हणजे सर्वोच्च श्रेणी बहाल केली. तेव्हा त्यांचे वय ९८ वर्षांचे होते. नव्वदी उलटल्यावरही त्या वर्गावर जात. उभे राहणे कठीण झाल्यावर खुर्चीत बसून विद्यार्थिनींच्या चुका दाखवीत. ९ फेब्रुवारी २०१३ रोजी त्या निवर्तल्या. शंभरी पुरी होण्यास दोन महिने उरले होते.

या चरित्रात श्रेणीची कथा आहेच. परंतु मला त्यात अधिक महत्त्वाचे वाटते ते हे, की श्रेणी अडली त्या वीस वर्षांत त्यांचा वर्ग अडला नाही. मान्यता येवो न येवो, आठवड्याचे ठरलेले वार आणि ठरलेली वेळ चुकली नाही. आजच्या अनेक ज्युदो-शिक्षिका त्या वर्गाच्या पोटी आल्या आहेत.

दुसरी स्त्री अगदी वेगळ्या स्वभावाची. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील रेना, जिला सर्वजण रस्टी म्हणत. १९५९ साली एका सांघिक ज्युदो स्पर्धेत संघातील पुरुष जखमी झाला म्हणून ती बदली खेळाडू म्हणून उतरली. केस आखूड, छाती पट्ट्यांनी आवळलेली. लढत जिंकली, संघ विजयी झाला. मग संयोजकांनी विचारले, तू बाई आहेस काय? तिने होय म्हटले आणि पदक परत घेण्यात आले. हीच रस्टी पुढे जपानी ज्युदोपटूशी विवाह करून रस्टी कानोकोगी झाली. १९८० साली महिलांची पहिली जागतिक ज्युदो स्पर्धा न्यूयॉर्क येथे भरली, ती तिच्या खटपटीने. पैसा अपुरा पडला तेव्हा तिने राहते घर गहाण टाकले. १९८८ साली सोल ऑलिंपिकमध्ये महिला ज्युदोचे प्रदर्शनीय सामने झाले आणि १९९२ साली बार्सिलोना येथे पदके दिली गेली. १९५९ सालचे तिचे ते पदक ५० वर्षांनी, २००९ मध्ये, तिला सन्मानाने परत करण्यात आले. त्याच वर्षी ती वारली.

या दोन परदेशी स्त्रियांची कथा मी येथे का सांगितली, असे कोणी विचारील. तुरमुरीची मुलगी जकार्त्याच्या मॅटवर उभी राहिली तेव्हा तिला कोणी विचारले नाही की तू बाई आहेस काय, म्हणून सांगितली. तो प्रश्न अगोदरच्या बायकांनी सोडवून ठेवला होता. मात्र दुसरा एक प्रश्न कोणा जपानी किंवा अमेरिकन बाईला आपल्यासाठी सोडवता येण्यासारखा नाही. तो आपल्या गावाचा आहे.

आपला हा सगळा टापू तालमींचा. बेळगाव, निपाणी, कागल, कोल्हापूर, कोठेही जा, तालीम आहे, तेथे मारुतीची मूर्ती आहे आणि ताक, हळद, तेल घालून मळलेली लाल माती आहे. त्या मातीत मुलीने पाय ठेवू नये हा पिढ्यान्‌पिढ्यांचा दंडक होता. गंमत अशी की, याच जिल्ह्यात कित्तूरच्या चन्नम्माचे नाव प्रत्येक भाषणात निघते. बेळवडी मल्लम्माच्या स्त्री-सैनिकांची कथा सांगितली जाते. आमच्या खात्याच्या पत्रकांतूनही राण्यांची नावे पुष्कळ येतात. परंतु राणीजवळ घोडा होता, तलवार होती आणि शिकवण्यास उस्ताद होते. शेतकऱ्याच्या मुलीला तालमीची पायरी चढण्याचीही सोय नव्हती.

आता ती स्थिती पालटू लागली आहे, हे सांगताना समाधान वाटते. निपाणीपासून जवळच असलेल्या मुरगूडच्या कुस्ती संकुलात मुली कुस्ती शिकतात आणि राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत जातात. मार्च २०२३ मध्ये सांगली येथे महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी हिने गदा उचलली. कोल्हापूरच्या मर्दानी खेळांच्या आखाड्यांत मुली लाठी आणि दांडपट्टा फिरवतात. पण कुस्ती असो, ज्युदो असो वा कराटे, एक गोष्ट सर्वत्र सारखी दिसते. जेथे शिकवणारा माणूस वर्षानुवर्षे टिकून राहिला तेथेच मुली पुढे आल्या आहेत.

येथे मला शासकीय योजनेविषयी दोन शब्द स्पष्ट बोलावयाचे आहेत. समग्र शिक्षा योजनेखाली सरकारी शाळांतील सहावी ते बारावीच्या मुलींना राणी लक्ष्मीबाई यांच्या नावाने स्वसंरक्षणाचे शिक्षण दिले जाते. कर्नाटकातील शासकीय वसतिगृहांत व निवासी शाळांत चित्रदुर्गच्या ओनके ओबव्वाच्या नावाने तशीच योजना सुरू झाली. हातातल्या मुसळाने शत्रूचे शिपाई लोळवणाऱ्या ओबव्वाचे नाव या कामाला शोभते. राणी लक्ष्मीबाई योजनेतील शिक्षणाची मुदत तीन महिन्यांची आहे. योजना चांगली आहे, ती राबवलीच पाहिजे. परंतु तीन महिन्यांत काय होते आणि काय होत नाही, याची समज आपल्यापाशी असावी.

तीन महिन्यांत मुलीला मनगट सोडवून घेता येते. कोणी मनगट धरले तर पकडीची कमजोर बाजू अंगठ्याकडची असते. तिकडे चार बोटांऐवजी एकच अंगठा असतो. आपला हात ओढत बसण्यापेक्षा मनगटाची कड त्या फटीकडे वळवून झटका दिला तर कमी ताकदीतही हात सुटतो. तळहाताच्या टाचेने नाकावर किंवा हनुवटीखाली मारणे, पायाच्या टाचेने समोरच्याच्या पंज्यावर जोराने दाबणे, आणि सुटताच पळ काढून माणसांत जाणे, हेही शिकता येते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ओरडणे. कराटेत प्रहाराबरोबर पोटातून आवाज काढतात. आपल्याकडे मुलीला लहानपणापासून हळू बोल, हसताना आवाज नको, असे बजावलेले असते. पहिल्या आठवड्यात मुलींच्या तोंडून आवाजच निघत नाही, असे शिकवणाऱ्या सांगतात. निघू लागला की मुलीची उभी राहण्याची पद्धत बदलते.

परंतु खरोखरीचा प्रसंग आला तर तीन महिन्यांपूर्वी दहा वेळा केलेली हालचाल शरीराला आठवेलच असे नाही. ती हजारो वेळा केलेली असावी लागते. तीन महिने संपले, प्रमाणपत्रे वाटली, छायाचित्र निघाले आणि शिकवणारी दुसऱ्या गावी गेली, तर पुढच्या जूनमध्ये त्या मुली जेथे होत्या तेथेच असतात. योजनेच्या कागदावर संख्या पूर्ण होते, ही गोष्ट वेगळी. मी प्रसिद्धी खात्यातला माणूस असूनही म्हणतो, संख्येच्या बातमीपेक्षा एका गावात पाच वर्षे चाललेल्या एका वर्गाची बातमी द्यावयास मला अधिक आवडेल.

तो वर्ग चालवण्यास काय लागते? सर्वांत प्रथम स्त्री-शिक्षिका. पुरुषांनी शिकवू नये असे माझे म्हणणे नाही. कित्येक उत्तम मुलींना पुरुष उस्तादांनीच घडवले आहे. पण ज्युदोत पकड आहे, अंगाला अंग लागते. मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की आई तिला वर्गातून काढून घेते, आणि त्या आईला दोष देऊन भागत नाही. समोर बाई शिकवत असली की हा अडसर निम्मा दूर होतो. मुलीची अडचण, मासिक पाळीतील दिवस, दुखणे-खुपणे ती बाईजवळ बोलते. शिवाय वर्षांनुवर्षे शिकलेल्या मुलींतूनच पुढच्या शिक्षिका निर्माण होतात. क्रीडा वसतिगृहातून शिकून बाहेर पडलेल्या, पण पदकापर्यंत न पोचलेल्या मुलींचे काय होते, याचा विचार आपण करीत नाही. त्यांच्या अंगी वर्षांची विद्या असते. लग्न होऊन त्या आपल्याच गावांत नांदत असतात. त्यांना शोधून काढावे, शाळेच्या वर्गासाठी मानधन द्यावे, आणि ते वेळेवर द्यावे. या शेवटच्या शब्दावर जरा जोर आहे, तो उपस्थित अधिकारी बंधूंसाठी.

दुसरी गोष्ट जागेची. ज्युदोच्या फेकी शहाबादी फरशीवर किंवा सिमेंटच्या कोब्यावर शिकवण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. त्याने मुलींची डोकी फुटतील आणि वर्ग कायमचा बंद पडेल. मॅट महाग असतात हे खरे. परंतु आपल्या गावांत एक जागा अशी आहे की जी शतकानुशतके पडण्यासाठीच तयार केलेली आहे, ती म्हणजे तालमीचा हौदा. सकाळी पैलवान मेहनत करतात. दुपारी तो रिकामाच असतो. ज्या गावाला मुलींना हौद्यात घेणे अवघड वाटत असेल त्याने शाळेच्या आवारात छपराखाली तसाच एक हौदा खणावा. तो सार्वजनिक श्रमदानाचा उत्तम विषय होईल. कराटेला तेवढेही नको, सपाट अंगण पुरते.

कराटेवरून आठवले. तालुक्याच्या गावी आता कराटेचे वर्ग पुष्कळ निघाले आहेत. त्यांत चांगले आहेत, तसेच दर तीन महिन्यांनी शुल्क घेऊन नव्या रंगाचा पट्टा देणारेही आहेत. आठ वर्षांच्या मुलाच्या कमरेला काळा पट्टा दिसला की पालकांनी आनंदित न होता जरा चौकशी करावी. शिकवणाऱ्याला पट्टा कोणी दिला, तो स्वतः अजून कोणाकडे शिकतो काय, मुली किती आहेत आणि त्या किती वर्षे टिकल्या आहेत, एवढे चार प्रश्न विचारले तरी पुष्कळ कळते. टोकियो ऑलिंपिकमध्ये, जे २०२१ साली भरले, महिलांच्या काता प्रकारात, म्हणजे एकटीने ठरावीक हालचालींचा क्रम सादर करण्याच्या प्रकारात, स्पेनच्या सांद्रा सांचेझ यांनी सुवर्णपदक मिळवले. त्यांचे वय तेव्हा ३९ वर्षांचे होते. ही विद्या तिमाहीच्या हिशेबाने येत नाही.

पालकांच्या मनात आणखी एक शंका असते. मुलगी दांडगी होईल, हातपाय मोडून घेईल, स्थळ मिळणार नाही. या शंकेला टाळ्या घेणारे उत्तर देणे सोपे आहे. मी तसे देणार नाही. इजा होते, खेळात मनगट मुरगळते, गुडघा दुखावतो, आणि शिकवणारी जाणकार नसली तर अधिक होते. म्हणून शिक्षिका पारखून घ्यावी. स्थळाविषयी एवढेच सांगतो की निपाणीत तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या आणि विड्या वळणाऱ्या हजारो बायकांनी या भागातील संसार चालवले आहेत. अंधार पडल्यावर त्या घरी परतल्या आहेत. त्यांच्या मुली आज महाविद्यालयात जातात, संध्याकाळच्या बसने येतात. रस्ता तोच आहे. त्या मुलीने धीटपणे चालावे असे तिच्या आईला वाटत नसेल, हे मला पटत नाही. विचारले तर ती आईच वर्गाची पहिली वर्गणी देईल.

भाषेच्या बाबतीत एक लहानशी गोष्ट सांगण्याचा मोह होतो. आपल्या या भागात वर्गाची भाषा कोणती, फलकाची भाषा कोणती, यावर पुष्कळ बोलले जाते. ज्युदोच्या मॅटवर लढत सुरू करताना पंच ‘हाजिमे’ म्हणतो आणि थांबवताना ‘माते’ म्हणतो. दोन्ही शब्द जपानी. मराठी घरातली मुलगी आणि कन्नड घरातली मुलगी दोघीही ते सारख्याच परके म्हणून शिकतात आणि आठवड्याभरात सारख्याच आपले करून टाकतात. मॅटवर उतरताना दोघी एकमेकींना वाकून नमस्कार करतात, उतरल्यावर पुन्हा करतात. मध्यंतरी मात्र एकमेकींना उचलून आपटतात.

मुख्याध्यापकांना माझी एक विनंती आहे. आपल्या शाळेतून ज्या मुली तीन महिन्यांच्या वर्गात बसल्या त्यांची नावे एका वहीत नोंदवून ठेवा, आणि पुढच्या वर्षी त्यांपैकी किती जणी सराव करीत आहेत हे त्याच वहीत लिहा. जिल्हा क्रीडा कार्यालयाकडून वसतिगृहाच्या निवडचाचणीची सूचना निघते ती फलकावर लावून न थांबता त्या यादीतील मुलींच्या घरी पोचवा. निपाणीहून बेळगाव सुमारे पाऊणशे किलोमीटर आहे. चाचणीला मुलीबरोबर कोण जाणार हा प्रश्न घरात पडतो आणि तेथेच पुष्कळ मुली मागे राहतात. शाळेतील एक शिक्षिका चार-पाच मुलींना घेऊन गेली तर तो प्रश्न सुटतो. ग्रामपंचायतीने बसभाडे द्यावे. रक्कम लहान आहे, तिच्यासाठी ठराव लांबवू नये.

माझे बोलणे येथेच पुरे करतो. बाहेर पटांगणात मुली प्रात्यक्षिकासाठी केव्हाच्या तयार होऊन उभ्या आहेत, आणि ऊन वाढू लागले आहे. शंका असतील त्या प्रात्यक्षिकानंतर त्यांच्या शिक्षिकेलाच विचाराव्या. माझ्यापेक्षा त्या चांगली उत्तरे देतील.